जाळीपलीकडचा दादा

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

आईचा खोकला उतरलाय. स्वयंपाकघराच्या खिडकीला नवी काच बसवली. काचवाला म्हणाला, "ताई, वाऱ्याने फुटली म्हणता, मग हा दगड काय वाऱ्यावर बसून आला?" मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. आई ऐकत होती.

तुझं सभेतलं भाषण गल्लीतल्या शिंप्याने मला फोनवर पाठवलं. निवडणुकीच्या निकालापासून तू सांगत होतास, मतमोजणीची सगळी टेबलं विकली गेली, फक्त माझ्या बहिणीचं सोडून. मला हसू यायचं. अरे, तुझे उमेदवार, मास्तर, माझ्या टेबलावरही पडलेच होते की! सभेत कुणीतरी नेमकं तेच विचारलं. तू थबकलास. मग म्हणालास, "तीही त्यांच्यातलीच."

ते थबकणं मी पुन्हा पुन्हा ऐकते.

दादा, मास्तरांचा प्रतिनिधी म्हणून माझंच टेबल तू मागून घेतलं होतंस. मी एकेक मतपत्रिका उलगडून जाळीपाशी धरत होते, पलीकडून तू मान हलवत होतास. एक शिक्का दोन चौकोनांमधल्या रेषेवर पडला होता, ती पत्रिका मी बाद केली. अजून मनात येतं, शाई मास्तरांच्या बाजूला जास्त होती का? मला त्या एका मताची शंका सोडत नाही, आणि तुला कसलीच शंका नाही. पत्रिका तू पाहिल्यास म्हटलं, तर त्या आधीच बदललेल्या. पेट्यांच्या सीलवर तुझी सही होती म्हटलं, तर सीलही बनावट. मी एक पुरावा पुढे करावा आणि तुझ्या कटात एक माणूस वाढावा. असा वाढत वाढत तो माझ्यापर्यंत आला.

मी तुला नुसता हट्टी समजत होते. ते चुकलं असेल. मास्तरांसाठी मतं मागत तू दारोदार फिरलास. औषधवाल्या काकांनी खुर्ची दिली, चहा पाजला. शिंपी म्हणाला, "मत तुमचंच, काळजी सोडा." पेट्या बदलल्या असतील, तर ही सगळी माणसं खरी राहतात. नाहीतर रोज सकाळी त्यांच्या दारावरून जायचं कोणत्या तोंडाने? तुझ्या जागी मी असते, तर कदाचित मलाही कुठूनतरी रात्री पेट्या बदलणारा एक ट्रक आणि बनावट पेट्या सापडल्या असत्या.

पण गल्ली खरी राहावी म्हणून तू बहीण खोटी पाडलीस, रे.

दगड कुणी मारला, विचारत नाही. आई विचारते, "तो येत का नाही?" मी सांगते, कामात आहे. मोजणीत खोटं बोलले नाही, ते आता घरात बोलते. ते तरी बोलायला लावू नकोस. ये.

आणि तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नव्हतं. माझं मत मास्तरांनाच होतं. तेही मोजलं गेलं.

तुझी,
अजून तरी तुझीच,
धाकटी