जागचा न हलणारा डाग

२ मार्च

पोचले एकदाची! बसने सगळी हाडं खिळखिळी केली, पण थांब्यावर दादा उभा होता आणि त्याने ‘चिमे’ म्हणत लहानपणीसारखी माझी वेणी ओढली, तेव्हा सगळा शीण पळाला. बारीक झालाय. कानाशेजारचे केस पांढरे व्हायला लागलेत. चढणीवर माझी बॅग त्याच्याकडे, त्याची छत्री माझ्याकडे, आणि बडबड दोघांकडे.

वेधशाळा टेकडीच्या माथ्यावर आहे. छोटा घुमट, त्याला लागून कामाची खोली, मागे तीन खोल्यांचं घर. इथे फक्त सूर्य बघतात, त्यामुळे रात्री सगळे शहाण्यासारखे झोपतात! दादा इथला प्रमुख आणि उद्यापासून मी चित्रं काढणारी मदतनीस, तीही पगारी. लहानपणी गच्चीवर आम्ही हेच फुकटात करायचो. तो खेळण्यातली दुर्बीण धरायचा, मी खाली पांढरा कागद धरायचे आणि कागदावर नाण्याएवढा सूर्य थरथरायचा.

वहिनी दारातच होती. गेल्या वर्षी त्यांनी चार माणसांत लग्न उरकलं तेव्हा मी तापाने आडवी होते, म्हणून भेट आजच. आधी शाळेत चित्रकला शिकवायची. माझ्या खोलीचे पडदे तिने स्वतः शिवलेत. चांगली आहे. चांगलीच म्हणायला हवी.

४ मार्च

आज कामाला सुरुवात. सूर्याकडे थेट बघायचं नाही, दुर्बिणीतून तर चुकूनही नाही, डोळा कायमचा जाईल. दुर्बिणीतून आलेलं ऊन मागच्या फळीवरच्या कागदावर पडतं आणि तिथे थाळीएवढा सूर्य उमटतो. त्यावरचे डाग पेन्सिलीने जिथल्या तिथे उतरवायचे. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून डाग रोज थोडे सरकतात आणि दोनेक आठवड्यांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाऊन दिसेनासे होतात. डाग खरे काळे नसतातच. आजूबाजूपेक्षा थंड असतात, म्हणून काळे दिसतात. एखादा डाग एकटाच आकाशात टांगला तर चंद्राला लाजवील.

हे सगळं मला पाठ आहे. तरी वहिनीने अगदी पहिलीच्या पोरीला शिकवावं तसं शिकवलं, आणि मी मान डोलावत राहिले. मग तिने कडेवरचा एक ठिपका दाखवला. मला तो दिसलाच नव्हता. दादा म्हणाला, "नजर असावी तर अशी!"

हे वाक्य माझं आहे. तो हे मला म्हणायचा.

७ मार्च

दादा आता चहात साखर घेत नाही, कारण ती घेत नाही. दादा आता सकाळी गातो. गातो! आमच्या घरात त्याला कुणी शीळ घालतानाही ऐकलं नव्हतं. घुमटात तो न बघता हात मागे करतो आणि ती त्यात बरोबर हवी ती वस्तू ठेवते. मी शेजारी उभी असते, खुंटीवरच्या कोटासारखी.

ती मला हाक मारते, जेवताना आधी मला वाढते, थंडी वाजेल म्हणून स्वतःची शाल देते. तिच्यात खोट काढायला जागा मिळाली असती तर फार बरं वाटलं असतं.

१० मार्च

सूर्य आज अगदी कोरा होता. वहिनी काहीतरी आणायला घरात गेली. कागदावर तो एवढा मोठा उजेडाचा गोल, आणि त्यात बघण्यासारखं काहीच नाही.

मी पेन्सिल टेकवली. मध्यापासून जरा डावीकडे. मोहरीएवढा ठिपका.

दादाला हाक मारली. तो धावत आला. वहिनीही आली, वाकून वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली की तिला सूर्यावर काही दिसत नाही, ठिपका कागदाचाच असेल. कागद हलवून बघायला दादाने हात पुढे केला, तेवढ्यात ढग आला आणि कागदावरचा सूर्य विझला. ठिपका मी आधीच पेन्सिलीने उतरवून घेतलाय असं सांगून मी सुटले. दादा म्हणाला, चिमीला लहानपणापासून बारीक दिसतं, उद्या बघू. दुपारभर तो माझ्याशीच बोलत होता. मी दोनदा जेवण मागून घेतलं.

११ मार्च

ठिपका सूर्यावर आहे.

नवा कागद, माझा हातही न लागलेला. मध्यापासून जरा डावीकडे. दादाने टाळ्या वाजवल्या आणि त्याला ‘चिमीचा डाग’ असं नावच देऊन टाकलं. वहिनीने मला मिठी मारली, म्हणाली, "काल माझ्या नजरेतून सुटला गं, चुकलंच माझं."

योगायोग. माझं खोटं खरं निघालं, एवढंच. आजचं चित्र मी काढलं.

१५ मार्च

कडेवर दोन नवे डाग आले, शिस्तीत पुढे सरकले. माझा तिथेच. सूर्य त्याच्याखालून फिरतो आहे आणि तो हलत नाही.

दादाला वाटलं, भिंगावर कचरा असेल. भिंग पुसलं, फिरवलं. कचरा असता तर भिंगाबरोबर डागही फिरला असता. तो फिरला नाही. दुसरी दुर्बीण लावली, तिच्यातही तो होताच. शेवटी त्याने लांबच्या वेधशाळेत फोन केला. तिथे म्हणाले, त्या जागी सूर्य स्वच्छ आहे.

आता तो वाटाण्याएवढा झालाय. गाभा काळा आणि भोवती करडी झालर. मधे बघितलं की डोळा पुढे पुढे जातो, थांबायला काही सापडत नाही.

१८ मार्च

वहिनीच्या डोळ्यांसमोर सकाळपासून काळं येतंय. सगळीकडे नाही, एका वेळी एकाच जागी. ओट्याजवळ, मग दाराशी, मग जेवणाच्या टेबलावर. जेवताना तिने दादाला विचारलं, चिमी अजून आली नाही का? मी तिच्या शेजारी बसले होते. मीठ मागितलं तर ती केवढी दचकली! तिच्या हातून पेला पडला.

गावात नेऊन डॉक्टरांना दाखवलं. डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या, काही दिवस सूर्य नको.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. आता सकाळभर घुमटात दादा आणि मी.

२० मार्च

घुमटात दादा आणि मी, पण त्याचं सगळं लक्ष घराकडे. मिनिटामिनिटाला उठून तिला बघून येतो. तिच्याजवळ बसून आजचा सूर्य कसा होता ते तिला सांगतो. मी काढलेलं चित्र हातात घेऊन, ते मी काढलं हे न सांगता. दारात उभी राहून मी सगळं ऐकलं. अंगाची नुसती लाही झाली. आजारी पडूनसुद्धा तिनेच जिंकलं.

मग लक्षात आलं, मी समोर उभी होते आणि ती थेट दाराकडे बघून म्हणाली की ते काळं आता दारात आहे, आणि आज मोठं झालंय.

२२ मार्च

दादालाही दिसतं. म्हणजे, दिसत नाही. मी.

सकाळी हाक मारली तर माझ्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग डोळे चोळले. म्हणाला, "चिमे, उजेडात ये बघू." मी खिडकीत, भर उन्हात उभी होते.

२३ मार्च

दादाला सगळं सांगून टाकलं. तो ठिपका मी काढला होता, तिच्यावर जळून काढला होता. तो माझ्या आवाजाच्या दिशेने मान वाकडी करून ऐकत होता, जुना रेडिओ ऐकावा तसा. अर्ध्यातच वहिनीला म्हणाला, वारा सुटलाय वाटतं.

त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो शहारला, सरकला, आणि स्वेटर आणायला गेला.

२५ मार्च

एकमेकांना ते लख्ख दिसतात. तिचा चेहरा त्याला दिसतो, त्याचा तिला. तिच्या डोळ्यांसमोरचं काळंही गेलं म्हणे. आता तिथे काही नसतं, नुसती भिंत दिसते. दोघं आनंदाने रडली. माझ्यासमोर.

आज टेबलावर ताटं दोन.

२६ मार्च

कागदावरचा डाग गेला. सूर्य कोरा.

मी दुर्बीण आणि कागदाच्या मधे हात धरला. ऊन हातावर पडायला हवं, कागदावर सावली पडायला हवी. काही नाही. गोल तसाच राहिला, अख्खा. बोटं हलवली. कागदावर काहीच हललं नाही —

२७ मार्च

वहिनी पुन्हा चित्रं काढते. मागे दादा, तिच्या खांद्यावर हनुवटी. ती म्हणाली की या कामाला आपल्याला कुणीतरी मदतीला हवं होतं ना? कुणाला तरी बोलावणार होतास. दादाने खूप वेळ आठवलं. मग म्हणाला, नाही गं, आपण दोघंच पुरे.

ओरडले. घसा फुटेस्तोवर —

२८

दोघांनी माझ्या खोलीत कपाट सरकवलं. पलंग बाहेर. मी पलंगावर असतानाच —

दादावर चिडता येत नाही. तिच्यावर येतं. अजूनही. एवढंच उरलंय माझ्यात, आणि मला वाटतं, तेच खातंय —

२९

कामाच्या खोलीत आहे. ऊन आलंय. वही दिसते. पेन्सिल दिसते, एकटीच चालल्यासारखी. बोटं नाहीत. मनगट — काल होतं —

दादा पलीकडे बसलाय. ती त्याच्या कपात चहा ओततेय. तो गातोय.

कोपर गेलं.

दादा, मी इथे आहे, तुझ्या डाव्या हाताला. तिच्याकडे नको बघूस. एकदा, फक्त एकदा इकडे वळून —