भिंगाला कानस

अण्णा,

तुमच्या कॅमेऱ्याच्या भिंगाला मी उद्या कानस लावणार आहे. विचारत नाही, सांगते आहे. खरं तर सांगायचंही माझ्या मनात नव्हतं. पण दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी कानस, बारीक पेचकस आणि तुमचं भिंग मांडून बसले, तेव्हा आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "काय करायलीस गं?" मी सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला. "त्यांची वस्तू हाय. हात लावायच्या आधी सांग तरी त्यांना." मी म्हटलं, आता कुठं जाऊन सांगू? तर म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याला पेपरातून सांगत असतीस की! एवढी लिहायची खाज हाय, तर बापाला चार ओळी लिही." तेव्हा या त्या चार ओळी. चारच राहतील असं वाटत नाही.

तुमचा स्टुडिओ चालू आहे. पुढची अर्धी जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिली, मागच्या अर्ध्यात फोटोमागचा तुमचा रंगवलेला पडदा अजून टांगलेला आहे. त्यावरचा तलाव आटत आटत डबक्यावर आलाय. फोटो काढते, बॅनर छापते आणि आठवड्यातून एकदा पेपरात तिरकस सदर लिहिते. म्हणजे सकाळी पुढाऱ्यांना बॅनरवर गोरं करते आणि संध्याकाळी सदरात काळं करते. कुणावर अन्याय होत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, जीभ आवर, गिऱ्हाईक तुटतंय. तुटत नाही अण्णा. ज्याच्यावर लिहिते तोच पुढच्या वाढदिवसाला बॅनर टाकायला येतो आणि विचारतो, "ताई, ह्या बारीला जरा बरं लिवा की."

आता मुद्द्यावर येते. मी पहिला डिजिटल कॅमेरा आणला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही काउंटरमागे बसून एका नवरीच्या फोटोच्या कडा कापत होतात. कंपनी तीच, भिंग बसवायची खोबण तीच, म्हणून मी मोठ्या हौसेनं तुमच्या जुन्या कॅमेऱ्याचं भिंग काढून नव्यावर बसवायला गेले. बसेना. भिंगाच्या मागच्या कड्याची किनार नव्या कॅमेऱ्याच्या एका इवल्या दाताला अडत होती. जोर लावला असता तर दात मोडला असता. मी म्हणाले, अण्णा, किनार तिथं थोडी घासली की बसेल, परभणीत एक जण करून देतो, आणि तुमच्या जुन्या कॅमेऱ्यावरही पहिल्यासारखं चालेल. तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "जोडा बसंना म्हणून पाय तासतीस का गं?" दुकानात त्या नवरीचा बाप बसलेला. तो हसला. मला राग तुमचा आला नाही, त्याचा आला. त्या दिवसापासून तुमचं भिंग तुमच्या कॅमेऱ्यावर राहिलं, माझ्या कॅमेऱ्यासाठी मी नवं घेतलं, आणि एका लग्नाला आपण बापलेक दोन वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते असल्यासारखे मांडवात फिरू लागलो.

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे तुमची ती मेंढरंवाली मावशी. दिवाळी झाली की कळप घेऊन निघण्याआधी ती नवऱ्यापोरांसह तुमच्याकडे फोटो काढायला यायची. वाटेत कोण राहील, कोण नाही, म्हणून निघण्याआधी सगळ्यांनी एका कागदावर यायचं, असा त्यांचा रिवाज. नवरा गेला, पोरं बाप्ये झाली, तरी ती येतेच. मागच्या खेपेला मी माझ्या नव्या भिंगानं काढला. तिनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "पोरी, ह्यात आमी सगळे धुतल्यावानी दिसायलाव. आण्णाच्या फोटोत मी अशी न्हवते." मी म्हटलं, मावशी, कॅमेरा स्वच्छ आहे. ती म्हणाली, "कॅमेरा असंल. पर आमी न्हाई ना."

या वर्षी ती आठवडाभर आधीच येऊन बसली. तिच्या दोन पोरांची वाटणी झाली आहे. मेंढरं वाटली, घोंगड्या वाटल्या, भांडी वाटली. अडलं ते कुत्र्यापाशी. मेंढरं वाटता येतात, कुत्रं वाटता येत नाही. दोघंही म्हणतात, लहानपणापासून ते माझ्याच हाताची भाकरी खातं. त्यावरून दसऱ्यापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. यंदा थोरला गोदेच्या वरच्या अंगाला पाथरीकडे जाणार, धाकटा खालच्या अंगाला, मावशी घरीच. रविवारी सगळे इथं गंगाखेडात येणार आहेत, एकदाच. "पुन्यांदा एका जागी हुबे ऱ्हातील का न्हाई, देव जानं," मावशी म्हणाली. "आण्णाच्या भिंगानं काढ माय. तसा निगाला तरच घिऊन जाईन. न्हाईतर तुज्यापाशीच ठिव."

तुमचा कॅमेरा चालतो. पण काळ्यापांढऱ्या फिल्मचा एकच रोल माझ्याकडे उरलाय, तोही मुदत उलटलेला, फ्रीजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी. नुसत्या त्याच्यावर भरवसा ठेवला आणि तो कोरा निघाला तर मावशीला काय दाखवू? म्हणून मी ठरवलं आहे. तुमचं भिंग, आणि कॅमेरे दोन्ही. आधी नव्यावर, मग लगेच काढून जुन्यावर. त्यासाठी कड्याला कानस लागणार.

लहानपणीचं अजून डोळ्यांपुढं आहे: याच स्वयंपाकघरात तुम्ही भर दुपारी खिडकीला घोंगडी ठोकून अंधार करता. तांबडा दिवा लागलेला. आई बाहेरून ओरडते, "माझी परात द्या आधी, मग काय धुवायचं ते धुवा." परातीत कागद बुडलेला असतो आणि त्यावर हळूहळू मावशीचा नवरा वर येतो, आधी मिशा, मग कपाळ, मग डोळे. तुम्ही माझं मनगट धरून मला कागद हलवायला शिकवता आणि म्हणता, "दम धर. मानूस येतोय." त्या दिवशीच्या भाकरीला औषधाचा वास आला होता. आपण तिघांनी ती मुकाट खाल्ली. तुमच्या भिंगाबद्दल मला आदर नाही असं म्हणू नका. माझ्या पोटात गेलंय ते.

पण अण्णा, पाय आणि नख यात फरक असतो. मी पाय तासत नाही, वाढलेलं नख काढते आहे.

इथवर लिहून उठले होते. आज बऱ्याच दिवसांनी पुढचं लिहिते.

कडं आधी भिंगापासून सुटं केलं, म्हणजे धातूच्या किसाचा एक कणही काचेकडे जायला नको. आई समोर बसली होती, साक्षीदारासारखी. दोनदा घासलं, लावून पाहिलं, अडलं. पुन्हा घासलं. हात दुखला. मधेच वाटलं, कपाळमोक्ष होणार. भिंगही जाईल आणि रविवारही. आई म्हणाली, "आता थांबलीस तर दोनी कामातनं गेलं. घास." घासलं. कडं पुन्हा जोडलं, भिंग नव्या कॅमेऱ्यावर धरलं, फिरवलं, आणि खट्ट करून बसलं. मग काढलं आणि तुमच्या कॅमेऱ्यावर बसवलं. तिथंही खट्ट. आईनं नुसतं "हं" केलं आणि पीठ मळायला घेतलं.

रविवारी सगळे आले. कुत्रं पायरीशी बसलं, दोन्ही भावांपासून सारख्या अंतरावर. त्या कुत्र्याला राजकारणात भविष्य आहे. मावशी पुढं खुर्चीत. मागं दोन भाऊ, मधे आणखी एक माणूस मावेल एवढी फट ठेवून. कडेला सुना, खाली पोरं. धाकट्याच्या पटक्याचा शेमला सुटून खांद्यावर लोंबत होता. मी खोवायला सांगितलं, पण तो फोटोला उभा राहताना पुतळा होतो, ऐकतो कुठं? स्टँडवर नवा कॅमेरा. भिंगाचं कडं हातानं फिरवून मावशीचे डोळे लख्ख दिसेपर्यंत आणले आणि बटण दाबलं. "कुणी जागचं हलू नका, अजून एक आहे," म्हणत भिंग काढलं, नवा कॅमेरा उतरवला, तुमचा चढवला.

तेवढ्यात, म्हणजे भिंग माझ्या मुठीत असताना आणि दोन्ही कॅमेरे आंधळे असताना, थोरल्यानं समोरच बघत, मान न वळवता, हात लांब केला आणि धाकट्याचा शेमला उचलून पटक्यात खोवला. धाकटाही हलला नाही. मावशी पुढं बसलेली, तिला दिसायचं कारण नव्हतं. सुनांनी पाहिलं असेल, पण त्या कबूल करतील असं वाटत नाही. मी भिंग बसवलं आणि दुसरा फोटो काढला. दोन्ही भाऊ पुन्हा पुतळे.

रोल हैदराबादला पाठवला. निघाला. दोन्ही फोटो एकाच मापात काळेपांढरे करून घेतले. बाजाराच्या दिवशी मावशी आली. मी आधी तोंडी सांगितलं, मावशी, मधल्या वेळात असं असं झालं. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुज्या तोंडावर कोन इस्वास ठिवावा माय? पेपरात तू पुढाऱ्याला गाढवावर बसिवलंस. तेनं जलमात गाडीतनं पाय खाली ठिवला न्हाई."

मी दोन्ही फोटो तिच्यापुढं शेजारी शेजारी ठेवले. माणसं तीच, जागा तीच, नजर तीच. तिनं आधी स्वतःचा चेहरा पाहिला, गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हं, ही मी." मग बोट मागं सरकलं. "हितं लोंबायलाय." दुसऱ्या फोटोवर. "हितं न्हाई." बराच वेळ ती बोट उचलेना. "धाकल्याला सोताचा पटका कदी जमलाच न्हाई," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे न पुसता फोटोच पुसले.

"एक थोरल्याकडं देणार, एक धाकट्याकडं?" मी विचारलं.

"खुळी का काय? दोनी माज्याच भितीवर, शेजारी शेजारी. ज्याला बगायचंय तेनं माज्या दारात यावं. कुत्र्याला घिऊन."

फोटो पदराखाली घेऊन ती सोनपेठच्या गाडीला गेली.

अण्णा, एक कबूल करते, आणि हे पत्र कुठंच जाणार नाही म्हणूनच करते. फिल्मची सर डिजिटलला नाही, हे वाक्य मी गावभर ऐकवलंय, एकदा सदरातही ठोकलंय. त्या दोन फोटोंची एकेक प्रत माझ्याकडेही आहे. आज दोन्ही पालथ्या टाकून, मिसळून, पुन्हा उलटून पाहिल्या. तुमच्या कॅमेऱ्यातली कोणती आणि माझ्या कॅमेऱ्यातली कोणती, हे मला फक्त धाकट्याच्या शेमल्यावरूनच ओळखता आलं.