मयुरीचं हिमोग्लोबिन आणि आमची केळी

३ नोव्हेंबर, सकाळ
मयुरी पहिल्या बाळंतपणासाठी परवा धुळ्याहून माहेरी, सावद्याला आली. सातवा महिना. चेहरा पांढरा पडलाय. काल भुसावळच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. गोळ्या दिल्या. महिन्याभरात वाढलं नाही तर सलाईनमधून लोह द्यावं लागेल म्हणाल्या. तिची आई, लता, घाबरली. मी नाही. एवढा मोठा केळीचा मळा असलेल्या बापाच्या पोरीला अशक्तपणा? महिन्यात रिपोर्ट बदलून दाखवतो.

३ नोव्हेंबर, दुपार
विहीणबाईंचा, दिपमालाताईंचा फोन. म्हणे मयुरीला बीट द्या. "बीटमा लोह शे. केळीमा काय शे, भाऊ?" सावद्याच्या माणसाला हे विचारतात! मी शांतपणे उत्तर दिलं. लताच्या मते शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं.

५ नोव्हेंबर
मोबाईलवर अभ्यास केला. शंभर ग्रॅमचा हिशेब.
कॅलरी: केळं ८९, बीट ४३. केळं दुप्पट!
पोटॅशियम: केळं थोडं पुढे. पुढे म्हणजे पुढे.
फोलेट: बीट पाचपट. फोलेट म्हणजे काय ते नीट कळलं नाही, म्हणून धरलं नाही.
लोह: केळं ०.३, बीट ०.८. हा आकडा परदेशी केळ्यांचा असणार.
निकाल विहीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला. लोहाची ओळ जागेअभावी गाळली.

९ नोव्हेंबर
धुळ्याहून एसटीने बिटांची गोणी आली. हे उत्तर समजायचं का?
मयुरीचं टाइमटेबल लावलं: सकाळी केळी, दुपारी शिकरण, संध्याकाळी केळ्याचा शेक. ती दोन घास खाऊन ताट सरकवते. उरलेलं मी संपवतो. घरचा माल वाया घालवणं बरं नाही.

१५ नोव्हेंबर
लता मयुरीला गोळी देताना चहा देत नाही, लिंबूपाणी देते. का विचारलं तर म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, तुम्ही तेव्हा फोनवर होता. असेल. मी मोठ्या प्रश्नात गुंतलोय.

२२ नोव्हेंबर
विहीणबाई स्वतः आल्या. बिटाचा हलवा घेऊन. एका बाजूने त्यांचा चमचा, दुसऱ्या बाजूने माझी वाटी. मी पोटॅशियम म्हणालो, त्या फोलेट म्हणाल्या. (त्यांनीही अभ्यास केलाय.) मयुरी एकदम रडायला लागली. म्हणाली, मला साधा वरणभात द्या ना कोणीतरी. आत गेली. लता तिच्यामागे.
आम्ही दोघं बसून राहिलो. मी शिकरण खाल्लं, त्यांनी हलवा.

६ डिसेंबर, दुपार
हिमोग्लोबिन १०.६! सलाईन टळलं. डोळ्यांत पाणी आलं. लगेच विहीणबाईंना मेसेज केला: केळी जिंकली. त्याच मिनिटाला त्यांचा आला: बिटाचा गुण आला ना?
डॉक्टरीणबाईंना माझा तक्ता दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला. मग मयुरीला विचारलं, यातलं काय खाल्लंस? मयुरी म्हणाली, बाबांची केळी बाबाच खातात, बीट गाय खाते. मी वरणभात, पालेभाजी आणि आईच्या हातची गोळी.
लताने गोळ्यांचं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं.
डॉक्टरीणबाई आता माझ्याकडे बघत होत्या. हल्ली तहान फार लागते का, विचारलं. लागते. बोट पुढे करा म्हणाल्या.

६ डिसेंबर, संध्याकाळ
साखर २८०. केळी बंद.
मयुरीने कळवलं असणार, विहीणबाईंचा फोन. टोमण्याला उत्तर तयार ठेवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आते तुम्ही जपा. नातू येनार शे." उत्तर वापरता आलं नाही.
लताने जेवणात किसलेलं बीट वाढलंय. मयुरी समोर बसलीय. मी ताट सरकवलं की ती परत पुढे करते.