भज्यांच्या कागदात गेलेला शेवट

लोहारा
४ जानेवारी २०२५

तीर्थरूप चन्नबसप्पा काकांस,
शिवप्रियाचे शरणु शरणार्थ.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी चांगली पडलीय. काकूचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल लावते का, की देव्हाऱ्याशेजारी ठेवून त्यालाही उदबत्ती ओवाळते? येळवशीच्या सणाला रानात खाल्लेली भज्जी आणि आंबील अजून जिभेवर आहे. काकूला सांगा, पुढच्या वर्षी मी गाडगंच उचलून आणणार आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. तर तुम्ही फोन उचलत नाही. परवा उचललात आणि "रेंज न्हाय" म्हणून ठेवलात. नळदुर्गात, हायवेला लागून, टॉवरच्या बुडाशी तुमचा धाबा, आणि रेंज न्हाय! म्हणून लिहायला बसले. तुमची शाळा कन्नड, मराठी तुम्ही अक्षर अक्षर लावत वाचता, म्हणून मोठं आणि सुटं लिहितेय. उमाशंकरला वाचायला देऊ नका. तुमचा लेक वाचताना घाई करतो, आणि त्याच्या वाचण्यानंच एवढा घोळ झालाय.

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल आहे. पोरं 'पाण्याखालची पेठ' बसवताहेत. दुसरं काही सुचवून पाहिलं, कुणी ऐकेना. नवी आवृत्ती आल्यापासून तर विचारूच नका. पुस्तक माझ्याहून म्हातारं, पण अजून कुणाला सोडत नाही. गेल्या गणपतीत बाजारातल्या मंडळानं त्यातल्या बेडूक जमादाराचा देखावा केला होता, दाढीवाले बाप्येही त्याच्यासोबत फोटो काढत होते. पहिलीच्या वर्गात पुस्तकातल्या पोरीचं नाव ठेवलेल्या दोन मैनी आहेत. पाण्याच्या टँकरवर मागं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'हळू बोल, पाणी ऐकतंय'. तहसीलमध्ये साहेब येताना दिसले की कारकून एकमेकांना हेच म्हणतात. त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नसेल.

मी तरी कुठं पूर्ण वाचलं होतं!

आठवतं ना? अव्वा गेली, मी आईविना पोर, अप्पांचा ट्रक सदा हैदराबादच्या रस्त्याला, म्हणून मी तुमच्याकडं आले. भजी बांधायला तुम्ही सोलापूरहून रद्दी आणायचा. त्या ढिगात मला ते सापडलं. कव्हर नव्हतं. मैनीची आई पाण्याखालच्या पेठेत हरवते आणि मैनी तिला शोधायला धरणाच्या भिंतीतल्या दारातून आत उतरते. माझ्यापुरतं ते दार आपल्या किल्ल्यातल्या पाणीमहालातच होतं. वाचत वाचत शेवटच्या दरवाज्यापाशी आले. आतून आईच्या बांगड्या वाजल्या, आणि... पान संपलं. पुढची पानं भज्यांबरोबर कुठल्या कुठल्या ट्रकमध्ये बसून गेली होती. मी असं भोकाड पसरलं की काकू तवा सोडून धावली.

तुम्ही झारा हातात धरून म्हणालात, "रडू नको मगळे, माझे लेकी. फाडायच्या आधी म्या वाचलंय की ते. सांगतो."

आणि सांगितलंत. "दार उघडलं न्हाय बघ. आई आतच राहिली. तिथनं कुणी माघारी येत न्हाय. पोरगी लई रडली. मग वर आली, तर काठावर एक नावाडी बसलेला. त्यानं काय इचारलं? ऊटा आयता? जेवलीस का? पोरगी म्हणली, न्हाय. मग त्यानं तिला घरी नेलं, जेवू घातलं."

"आन मग?"

"मग काय, राहिली तिथंच. साळंला जाऊ लागली."

एवढं सांगून तुम्ही माझ्यापुढं ताट ठेवलंत.

आता येळवशीचं बोलते. त्या दिवशी मी काकूबरोबर रानात फिरत होते, तेव्हा उमाशंकरनं कोपीत बसून तुम्हाला नव्या पुस्तकातला शेवट वाचून दाखवला. दार उघडतं. आई बाहेर येते. दोघी हात धरून घरी जातात. मी परत आले तर तुम्ही आंबिलीचा तांब्या बाजूला ठेवून नुसते बांधाकडं बघत होतात. मला वाटलं उन्हानं असेल. उमाशंकरनं काल सांगितलं, तुम्ही त्याला म्हणालात, "पुस्तकात आई येत होती. म्या पोरीची आई आडवली."

काका, असं पुन्हा म्हणायचं नाही. खरंच सांगते, ते ऐकून मला रडू आलं, आणि तुमचा रागही आला.

अव्वा गेल्यावर मला कुणी धड सांगितलं नव्हतं. मावशी म्हणायची, सोलापूरला दवाखान्यात आहे, येईल. शेजारणी म्हणायच्या, देवाघरी गेलीय, शहाण्यासारखी वागलीस तर येईल. अप्पांना विचारलं की ते ट्रककडं निघायचे. म्हणून मी शहाण्यासारखी वागत होते. शाळा सुटली की कुणाला न सांगता पाणीमहालाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे आणि कान लावायचे. तुमचा शेवट ऐकल्यावर एकदा गेले, पोटभर रडले, आणि मग गेले नाही. तिथनं कुणी येत नाही, हे मला तुम्ही एकट्यानं सांगितलंत. भजी तळता तळता सांगितलंत आणि लगेच जेवायला वाढलंत. ती पानं तेव्हा माझ्या हाती लागली असती, तर मी आजही त्या पायऱ्यांवर बांगड्या ऐकत बसले असते.

आणखी एक. तुम्ही ते पुस्तक वाचलं नव्हतं, हे मला सातवीतच कळलं होतं. पेपरातला एक मथळा लावेपर्यंत ज्याचा चहा गार होतो, तो माणूस फाडायच्या आधी अख्खं पुस्तक कधी वाचणार? मी गप्प बसले. बोलले असते तर तुम्ही सोलापूर पालथं घालून मला खरा शेवट आणून दिला असता. मला तो नको होता. माझ्याजवळ माझा होता.

तोच मी इतकी वर्षं शाळेत सांगत आलेय. आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा भेटली की एकमेकांना "ऊटा आयता?" विचारतात, आणि त्यांना वाटतं हे पुस्तकातलंच आहे. परवा नव्या आवृत्तीतला शेवट वर्गात वाचला, तर राजनंदिनी उठून उभी राहिली. "मॅडम, पुस्तकात चुकलंय. नावाडी कुठंय?" ही पोरगी मामाकडं राहते. का, ते तुम्हाला सांगायला नको. नाटकात तीच मैनी आहे, आणि नावाडी नसेल तर ती स्टेजवर पाय ठेवणार नाही म्हणते. समजावून पाहिलं. उपयोग नाही.

मुख्याध्यापकांनी तोड काढली. पुस्तकातला शेवट आधी होईल, आणि मग दुसरा, नळदुर्गचा. पण नावाडी व्हायला कुणी तयार नाही. तो शेवट माझ्या काकांचा, हे मी आता पोरांना सांगितलंय, तर ती म्हणतात, खराच नावाडी बोलवा.

तेव्हा चोवीस तारखेला या. एसटीनं या, उमाशंकरच्या मोटरसायकलवर नको. वेगळा पोशाख लागत नाही, खांद्यावरचा धाब्यातला पंचा चालेल. वाक्य एकच आहे आणि ते तुम्हाला पाठ आहे. राजनंदिनी पाण्यातून वर येईल, तेव्हा तिला विचारा.

आणि मलाही विचारत चला. इतकी वर्षं फोन उचलला की तुमचं पहिलं बोलणं तेच असायचं. येळवशीपासून ते बंद आहे. घास घेताना चुकल्यासारखं होतं.

काकूला आणि उमाशंकरला नमस्कार. त्याला रागावू नका, त्याच्यामुळंच मला हे सगळं लिहिता आलं.

हो काका, जेवले मी.

तुमच्या काठावर राहिलेली, तुमचीच मगळ,
शिवप्रिया