यानावरचं फूल

दसरा, संध्याकाळ. मुलुंड.

पूजा सकाळीच झाली. शिलाई मशीन, स्कूटरची किल्ली आणि खेळण्यातलं अंतराळयान, दरवर्षीसारखीच सगळ्यांची पूजा. झेंडू महाग, म्हणून एकेकच फूल. मुलं लहान असताना ह्यांनी तो अंतराळाचा पहिला सिनेमा दाखवला, तेव्हा घेऊन दिलेलं यान. त्याचे पुढे किती भाग आले कोण जाणे. नव्या भागात म्हातारा कप्तान मेला, यान एका पोरीच्या हाती गेलं, आणि माझे दोन मुलगे एकमेकांशी बोलेनासे झाले. संजू म्हणाला, “पार वाट लावली.” निलू म्हणाला, “दादा, तूच म्हातारा झालास.” बस्स, एवढ्यावरून कुणी भाऊ तोडतं?

आज संजू चेंबूरहून सोनं द्यायला आला नाही. पहिल्यांदाच. फोनवर एवढंच, “आई, यानाला फूल वाहिलं ना?”

“वाहिलं रे. निलू इथेच बसलाय, देऊ?”

“नको. ठेवतो.”

निलू आपट्याचं पान चुरगळत बसून राहिला. हे असते तर दोघांना कान धरून समोरासमोर बसवलं असतं.

यानावर ते फूल अजून आहे. सकाळी निलूनेच वाहिलं होतं. संजूला तेवढं सांगायचं राहून गेलं.