बांधावरचा दगड

प्रिय फणी,

या हातांनी काय काय केलंय, ते एकदा ऐकून घे. वरंगलच्या दुकानात जुळवलेले रेडिओ, पोचम्माच्या देवळाचा भोंगा, आईसाठी मोटारीवर फिरणारा रगडा, आणि अमीरपेटेतल्या पत्र्याच्या खोलीत तुझ्याबरोबर लिहिलेला डेटाबेस सर्व्हर. अर्धा, मान्य. पण कुठला अर्धा, ते तुला ठाऊक आहे.

परवा यादम्माने फोनवर तुझं भाषण लावलं. निळा कोट घालून तू सांगत होतास, की मेमरीच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक ठरावीक आकडा ठेवायचं तुला सुचलं. तो बदललेला दिसला की समजायचं, कुणीतरी हद्द ओलांडली, आणि सर्व्हरने तिथल्या तिथे थांबायचं. तुला सुचलं! अरे, आमच्या शेताच्या बांधावरचा दगड दाखवून मी तुला ते समजावलं होतं. तू मुगाचा पेसरट्टू खात नुसती मान हलवत होतास. यादम्मा म्हणाली, "किती जळाल! गॅस बंद करते, तुमच्यावरच भात शिजेल." मी जेवलो नाही. कोट तुला शोभत होता, त्याचा राग वेगळाच.

तशातच इथल्या एका सहकारी बँकेतून बोलावणं आलं. तुझा सर्व्हर सारखा कोसळतोय आणि तुझी माणसं म्हणतात, डंपमधून काही कळत नाही. कसं कळणार? सर्व्हर पडला त्या क्षणी मेमरीत काय होतं, त्याची प्रत म्हणजे डंप. आणि इथे ती दर वेळी अर्धवट. सर्व्हर पडला रे पडला, की त्याला उठवणारा राखणदार प्रोग्रॅम प्रत लिहून व्हायच्या आधीच जुन्याला संपवून नवा उभा करत होता. मी राखणदाराला थांबायला शिकवलं. डंपला वेगळी डिस्क दिली. खात्यांच्या माहितीचा अवाढव्य साठा प्रतीतून वगळला, पण कुठला थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी कुठलं काम, काय करत होता ते सगळं ठेवलं. पुढच्या वेळी पडला तेव्हा प्रत पूर्ण आली. उघडली, तर सगळ्यात वर, म्हणजे सर्व्हर पडला त्या क्षणी जे चालू होतं तिथे, तुझं फंक्शन!

फणी, मी अख्ख्या बँकेला मिरची भजी मागवली. कॅशियर नरसम्मा म्हणाली, "मल्लन्ना, लॉटरी लागली की काय?" म्हटलं, त्याहून मोठं.

भजी गार व्हायच्या आत पुढचं दिसलं. तुझं फंक्शन पडलं नव्हतं. बदललेला आकडा पाहून त्याने स्वतःच सर्व्हर थांबवला होता. त्या आकड्यावर एका खातेदाराच्या नावाची शेपटी सांडली होती. बँकेने पासबुकं तेलुगूत छापायला घेतलीत. घराण्याचं नाव, बापाचं नाव, मग स्वतःचं. आपली नावं केवढी! आणि सर्व्हरच्या आतच चालणाऱ्या छपाईच्या प्रोग्रॅममध्ये जागा धरलेली इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने. तेलुगू अक्षराला तिप्पट जागा लागते, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. लिहिणारा म्हणजे चेअरमन कोंडलरावांचा जावई.

माझ्याच आकड्याने तुला वाचवलं, हे काही केल्या गिळवेना. तुझी एखादी चूक सापडावी म्हणून सगळं पुन्हा उकरलं. नाही सापडली. हलकटा, काम तू चोखच करतोस.

काल कोंडलरावांनी घरी बोलावलं, स्वतःच्या हाताने चहा दिला. "अन्ना, दोष सर्व्हरचा, एवढंच लिहा. त्यांना काढतो, तुम्हाला आणतो. माझ्या पोरीच्या संसाराकडे बघा." मी चहा संपवला, कारण तो चांगला होता. आज अहवाल दिला. त्यात पासबुकाचा प्रोग्रॅम आहे, तुझं फंक्शन निर्दोष म्हणून आहे. तुझे आभार नकोत, फोन तर करूच नकोस. पुन्हा मंचावर चढशील तेव्हा दगड कुणाच्या बांधावरचा होता, ते सांग. तुझं नाव स्वच्छ राहिलं ते कितीला, हे तुला माहीत असावं म्हणून हे पत्र: तुझ्या जागी मी, तीन वर्षांचा करार, वर्षाला अठरा लाख रुपये. मी नको म्हणालो.

तुझाच, अजूनही जळणारा,
मल्लेशम