गॅला हे नाव मीच दिलं

३ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोज लिहायचं. उद्या कंपनी ऑस्ट्रेलियाभर पसरली की लोक विचारणार, सुरुवात कशी झाली? आणि मी लिहून ठेवलं नाही तर ऑफिसातला लिंडन वाटेल ते सांगत सुटणार.

तर सुरुवात अशी. तीन वर्षांपूर्वी, डब्बोच्या पलीकडे, नेव्हिलच्या मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये आम्ही तिघं होतो. नेव्हिलची मुलगी पिप, नेव्हिलची मोडकी यूट गाडी आणि मी. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलो होतो. सोडलं पिपसाठी. आईला सांगितलं, सूर्यासाठी.

पहिली पॅनेलं मी एकट्याने त्या शेडच्या छपरावर चढवली. नेव्हिल खाली उभा राहून वर बघत ओरडला, गॅला! आणि त्याच क्षणी गुलाबी काकाकुव्यांचा, म्हणजे गॅलांचा, अख्खा थवा माझ्या डोक्यावरून गेला. मी वरूनच पिपला म्हटलं, कंपनीला नाव मिळालं! ती हसून हसून खालीच बसली. गॅला सोलर. असा क्षण आयुष्यात एकदाच येतो.

(ती पॅनेलं नंतर काढावी लागली. छप्पर जुनं होतं.)

५ सप्टेंबर

आज ऑफिसात बैठक. चार लाख पॅनेलांचं नवं सोलर फार्म १० नोव्हेंबरला सुरू होणार. सिडनीहून गुंतवणूकदार येणार. पिप म्हणाली, त्या दिवशी मी एक मोठी घोषणा करणार आहे. हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं. तिथे चाळीसजण होते हे खरं, पण समोर मी होतो.

संकल्प: १० नोव्हेंबरच्या आत पिपला मनातलं सांगणे. तिने घोषणा केली आणि आपण गप्पच, असं नको.

६ सप्टेंबर

सांगणार होतो. ती फोनवर होती.

११ सप्टेंबर

माणसं वाढली, चौऱ्याऐंशी झालो. त्यामुळे माझं टेबल नव्या हिशेबनीस बाईंना दिलं. मी आता प्रिंटरपाशी. एका अर्थी बरंच, कारण कागद घ्यायला सगळ्यांना माझ्याकडेच यावं लागतं.

लिंडनला मात्र खिडकी. तो पदवीधर आहे. आज स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर मला म्हणाला, ती वायर हातात घेऊ नकोस रे गॅला. आमच्याकडे मूर्खालाही गॅलाच म्हणतात. मी चहाचा मग खाली आपटला. म्हटलं, हा कंपनीचा अपमान आहे! मग सगळे हसले. माझ्या बाजूने हसले असावेत.

२० सप्टेंबर

बढती! पिपने स्वतः बोलावून सांगितलं. रोरी, पॅनेलांखाली गवत कमरेएवढं वाढलंय, ते वाळलं की आग लागेल. यंत्राने कापायला गेलं तर दगड उडून काचा फुटतात. बाबांकडून मेंढ्या आण, चार आठवडे चरू दे. जमेल ना?

मी म्हटलं, पिप, तुझ्यासाठी मी गवतसुद्धा खाईन. ती म्हणाली, नको, मेंढ्याच बघ.

नवं पद: वनस्पती व्यवस्थापन प्रमुख. हे मीच ठरवलं. प्रिंटरची जागा सोडली, मुक्काम फार्मवर कॅराव्हानमध्ये. ऑफिसपासून चाळीस किलोमीटर. मोठ्या जबाबदाऱ्या लांबच असतात.

२ ऑक्टोबर

नेव्हिलकडे गेलो. तो कुत्र्याला बिस्किट देत होता, मला बस म्हणाला नाही. मेंढ्या मागितल्या. म्हणाला, देतो की, पण तू बघणार? मेंढीचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते तरी ठाऊक आहे का तुला?

डोकंच फिरलं. मी म्हटलं, ठेव तुझ्या मेंढ्या तुझ्यापाशी! तो म्हणाला, ठेवतो. कुत्रासुद्धा भुंकला.

होणाऱ्या सासऱ्याशी असं बोलायला नको होतं. पण स्वाभिमान म्हणून काही असतो.

९ ऑक्टोबर

मार्ग सापडला. निंगनच्या पलीकडे एकजण रानबकऱ्या पकडतो. चाळीस देतो म्हणाला. बकरी काय नि मेंढी काय, गवत दोघी खातात. शिवाय बकरी चपळ. शिवाय नेव्हिलचे उपकार नाहीत. नवा विचार करायला पदवी लागत नाही.

१४ ऑक्टोबर

बकऱ्या आल्या. फारच उत्साही. कुंपण मेंढ्यांच्या उंचीचं आहे, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं. दोन परत आणल्या, एक स्वतःहून आली.

१६ ऑक्टोबर

गवताला तोंड लावत नाहीत. झुडपं खाल्ली, कॅराव्हानची रबरी पट्टी खाल्ली, माझी टोपी खाल्ली. आधी जागेची ओळख करून घेत असतील.

२१ ऑक्टोबर

लिंडन तपासणीला आला. बकऱ्या बघून यूटमधून उतरेचना. काच खाली करून म्हणाला, मित्रा, हे काय आहे? मी म्हटलं, वनस्पती व्यवस्थापन. म्हणाला, अरे बाबा, बकऱ्या पॅनेलांवर चढतात! केबल कुरतडतात! म्हणूनच सगळे मेंढ्या ठेवतात. पिपला आज सांग, नाहीतर मी सांगतो.

मी म्हटलं, तू मध्ये पडायचं नाहीस! आमच्या दोघांमध्ये तर नाहीच. त्याने इंजिन बंद केलं. मग हळू आवाजात म्हणाला, ठीक आहे, तूच सांग.

घाबरला.

संकल्प: उद्या पिपला फोन. बकऱ्या आणि प्रेम, दोन्ही एकदमच सांगून टाकायचं.

२२ ऑक्टोबर

फोन केला. ती म्हणाली, रोरी, घाईत आहे, मेंढ्या ठीक? मी म्हटलं, मजेत आहेत.

हे का म्हटलं?

३० ऑक्टोबर

गवत खांद्याला लागलं. विळा आणला. रोज पहाटेपासून स्वतः कापतो आहे. चार लाख पॅनेलं. आजपर्यंत सहाशेंखालचं झालं. हाताला फोड. तोंडावर माश्या.

आईचा फोन. काय म्हणतोय तुझा सूर्य? म्हटलं, जोरात आहे. म्हणाली, कॉलेजचा फॉर्म अजून भरता येतो. मी फोन ठेवला. मग पुन्हा करून सॉरी म्हटलं.

५ नोव्हेंबर

काळा बोकड आज पॅनेलावर चढला. वरून माझ्याकडे बघत होता. दोन तास विनवण्या केल्या. देवाशपथ, इतक्या गोड आवाजात मी पिपशीही कधी बोललो नाही. शेवटी उतरला, आणि शेजारच्या पॅनेलावर चढला.

९ नोव्हेंबर

सगळ्या बकऱ्यांना कोपऱ्यातल्या वाड्यात कोंडलं. वर जाळी बांधली. उद्या दुपारपर्यंत टिकली की झालं. शर्ट इस्त्री केला. पिपला सांगायचं वाक्य पाठ आहे. छोटंच आहे. पिप, सुरुवातीला आपण दोघंच होतो.

(यूट धरलेली नाही.)

१० नोव्हेंबर, शुक्रवार

जाळी खाल्ली.

दोनशे पाहुणे, तंबू, पावात गुंडाळलेले सॉसेज, लॅमिंग्टन केक. पिप पांढऱ्या ड्रेसमध्ये. तिने बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर आकडा चढायचा होता. शून्य. पुन्हा दाबलं. शून्य. मग मागून कुणीतरी म्हणालं, ए, वर बघा.

पहिल्या रांगेवर सतरा बकऱ्या. मधोमध काळा बोकड, तोंडात केबलचा तुकडा. भाषण जणू त्याचंच होतं. सिडनीचे लोक फोटो काढत होते. नेव्हिल टोपीत तोंड घालून थरथरत होता. रडत नव्हता.

पिप सरळ माझ्यापाशी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, रोरी, मी मेंढ्या म्हटलं होतं ना?

मी म्हटलं, पिप, सुरुवातीला आपण दोघंच होतो.

ती म्हणाली, हो रे. मग परत माइकपाशी गेली आणि हसत हसत घोषणा केली. कंपनी आता क्वीन्सलँडमध्ये जाणार. ब्रिस्बेनचं ऑफिस ती आणि लिंडन उभं करणार. आणि जानेवारीत दोघं लग्न करणार.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फोड फुटले.

१२ नोव्हेंबर

काही नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

बेकरीत खिम्याचा मीट-पाय खायला गेलो. काउंटरवर गावचं वर्तमानपत्र होतं, त्यात पिपची अख्ख्या पानाची मुलाखत. शेडपासून क्वीन्सलँडपर्यंत. माझं नाव शोधलं. नव्हतं. मग हा प्रश्न दिसला: गॅला हे नाव कसं सुचलं?

उत्तर असं. आमच्या पहिल्या माणसाने पहिली पॅनेलं कुठल्याशा जर्मन व्हिडिओत बघून दक्षिणेकडे तोंड करून बसवली. आपल्याकडे सूर्य उत्तरेला असतो, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. बाबा खालून ओरडले, गॅला! मी हसून हसून खाली बसले. तेच नाव ठेवलं.

थव्याचा उल्लेख नाही. थवा होता. मला स्पष्ट आठवतो.

मीट-पायवर सॉस जास्त पडला होता. तसाच खाल्ला. बाहेर कंपनीचा ट्रक गेला, दारावर गुलाबी पक्षी. असे तीस ट्रक आहेत. ब्रिस्बेनलाही जातील. मी हात केला.

अकरा बकऱ्या अजून सापडायच्या आहेत. पिपने कळवलंय, त्या मिळेपर्यंत नोकरी आहे. फार जोरात शोधत नाही.

संध्याकाळी आईचा फोन. काय म्हणतोय तुझा सूर्य?

म्हटलं, उत्तरेला आहे.